किराणा दुकानात कुत्रा घेऊन येणाऱ्या गिऱ्हाइकाला काय सांगावं?

वजनकाटा:

नमस्कार मंडळी. माझं किराणा मालाचं दुकान आहे. अर्धा माल पाकीटबंद, अर्धा सुटा. सुट्या मालाची पिंपं गुडघ्याएवढी उंच आहेत, कारण लोकांना माल वाकून बघायचा असतो, दाणे तळहातावर घेऊन चोळायचे असतात. मोठ्या कुत्र्याचं नाकही नेमकं त्याच उंचीवर येतं.

अलीकडे कुत्रा सोबत घेऊन येणारी गिऱ्हाइकं वाढली आहेत. बहुतेक कुत्री शहाणी असतात, मालकाच्या पायाशी बसून राहतात. मला स्वतःला कुत्री फार आवडतात, त्यामुळे आजवर कुणाला अडवलं नाही. पण काल एका कुत्र्यानं मनुकांच्या पिंपात तोंड घातलं आणि कुणी ओढून घ्यायच्या आत दोन-चार घास गिळलेसुद्धा. मालकीणबाई म्हणाल्या, "त्याची सगळी इंजेक्शनं झालीत, काही होत नाही." मी त्यांच्यासमोरच पिंपातल्या मनुका टाकून दिल्या आणि पिंप धुवायला घेतलं. त्यांना तो अपमान वाटला. जुनं गिऱ्हाईक आहे, मलाही वाईट वाटलं. त्याच वेळी दम्याच्या मुलाला घेऊन आलेली एक आई कुत्रा पाहून दारातूनच मागे फिरली.

आता दारावर पाटी लावावी असं मनात आहे. पण "कुत्र्यांना प्रवेश नाही" एवढंच लिहिणं मला रुचत नाही. पाटीवर नेमकं काय लिहावं? आणि दुसरा प्रश्न: गोदामात उंदीर झालेत. सगळे म्हणतात मांजर पाळ. बाहेरच्या कुत्र्याला मज्जाव करून आत मांजर ठेवणं बरोबर होईल का?

⸻

तांबूस_पंजा:

ताई, मी तुमच्या त्या मालकीणबाईंच्या जागी असू शकले असते, म्हणून लिहिते.

मी एकटी राहते. कामावरून आले की कुत्रीला फिरवायचं आणि त्याच फेरीत सामान आणायचं, असा माझा दिनक्रम. तिला बाहेर बांधून आत जायचं म्हणजे माझा जीव टांगणीला लागतो. बांधलेल्या कुत्र्याला मुलं खडे मारतात, माणसं विचारल्याशिवाय हात लावतात, आणि घाबरून ते चावलं की दोष कुत्र्याचा. चोरीची भीती वेगळीच. गाडीत ठेवा म्हणणाऱ्यांना तर मी हात जोडते. बाहेर २१ अंश असले तरी बंद गाडीत दहा मिनिटांत पारा ३१ पर्यंत जातो आणि अर्ध्या तासात चाळिशी गाठतो. कुत्र्याला आपल्यासारखा अंगभर घाम येत नाही, ते मुख्यतः धापा टाकून थंड होऊ बघतं.

आणि स्वच्छतेचंच म्हणाल तर माणसं काय कमी आहेत? नाक पुसलेल्या हातानं तेच दाणे चोळतात. मुलांना बूट घालून ट्रॉलीत उभं करतात. त्यांना कुणी पाटी लावत नाही. माझी कुत्री पिंपाजवळ जातसुद्धा नाही. मग शिक्षा तिला का?

⸻

निवृत्त_पशुवैद्य:

बाकीचं नंतर, आधी मनुकांचं. वजनकाटा, त्या बाईंचा नंबर तुमच्याकडे असेल तर हे वाचून होताक्षणी फोन करा. द्राक्षं, मनुका, बेदाणे हे कुत्र्याला विषारी आहेत. किती खाल्ल्यावर बाधा होईल हे कुत्र्यागणिक बदलतं, त्यामुळे "थोड्याच खाल्ल्या" या म्हणण्याला अर्थ नाही. आधी उलट्या होतात आणि एक ते तीन दिवसांत मूत्रपिंडं निकामी होऊ शकतात. कुत्रा आज खेळत असला तरी डॉक्टरांकडे नेऊन रक्त तपासायला सांगा. उरलेलं वाचायची घाई नाही.

(फोन झाला असेल असं धरून पुढे लिहितो.)

किराणा दुकानाकडे कुत्र्याच्या बाजूनं कुणी बघत नाही. कांदा, लसूण, चॉकलेट, मनुका आणि झायलिटॉल ही साखरेऐवजी वापरतात ती गोडी, हे सगळं त्याला घातक आणि सगळं एका छपराखाली, पुष्कळदा त्याच्याच उंचीवर. त्यात चाकांचा खडखडाट, अरुंद वाटा, समोरून येणारी अनोळखी माणसं. माणसाला साधारण २०,००० हर्ट्झपर्यंत ऐकू येतं, कुत्र्याला त्याच्या दुपटीहून वरचं. आपल्याला शांत वाटणारं दुकान त्याला शांत असेलच असं नाही. मालकाला आपलं कुत्रं "शहाणं बसलंय" असं वाटतं, तेव्हा मी त्याचे कान, जांभया आणि सारखं ओठ चाटणं बघतो. पुष्कळ वेळा ते बिचारं घाबरून गोठलेलं असतं.

आता आजारांचं. इथे भीती आणि बेफिकिरी दोन्ही जास्त दिसतात. कुत्रं दुकानात आलं की माल नासला असं होत नाही. त्याच्या पोटातल्या गोलकृमींची अंडी विष्ठेतून पडतात, पण पडल्या पडल्या ती बाधत नाहीत, त्यांना पिकायला दोन-तीन आठवडे तरी लागतात. म्हणजे धोका दुकानातून चालत गेलेल्या कुत्र्यापेक्षा न उचललेल्या विष्ठेनं खराब झालेल्या मातीत मोठा.

पण लाळ आणि विष्ठेतल्या जिवाणूंना असं थांबावं लागत नाही. साल्मोनेला आणि कॅम्पायलोबॅक्टर धडधाकट दिसणाऱ्या कुत्र्यातही असू शकतात. पिल्लांमध्ये जास्त, आणि कच्चं मांस खाणाऱ्या कुत्र्यांमध्ये साल्मोनेला विशेष. अमेरिकेत २०१६ ते २०१८ या काळात दुकानांतून विकलेल्या पिल्लांमुळे कॅम्पायलोबॅक्टरची मोठी साथ पसरली होती. "इंजेक्शनं झालीत" हे उत्तर इथे लागूच होत नाही. रेबीजची लस रेबीज रोखते आणि ती द्यायलाच हवी. जागतिक आरोग्य संघटनेच्या अंदाजानं जगात दर वर्षी सुमारे ५९,००० माणसं रेबीजनं मरतात, आणि माणसाला होणाऱ्या रेबीजमागे ९९ टक्के वेळा कुत्रा असतो. पण त्या लसीचा तोंडातल्या साल्मोनेलाशी काही संबंध नाही. मनुका कुणी शिजवून खात नाही. तुम्ही पिंप रिकामं केलंत ते योग्यच केलंत, त्यात कुणाचा अपमान नाही.

तांबूस_पंजा, माणसांच्या हातांबद्दल तुम्ही म्हणता ते खरं आहे. म्हणूनच सुट्या मालाला झाकण आणि दांड्याचं माप हवं, कुत्री येवोत न येवोत. पण माणसाला "हात घालू नका" असं सांगता येतं. कुत्र्याला अंग झटकू नको, हे सांगून उपयोग नाही. आणि अंग झटकल्यावर उडतात ते नुसते केस नव्हेत. ॲलर्जी होते ती कोंड्यातल्या आणि लाळेतल्या प्रथिनांमुळे. ते कण हवेत तरंगतात, कपड्यांना चिकटून जिथे कधी कुत्रं-मांजर नव्हतं अशा खोल्यांतही पोचतात. दम्याच्या मुलाची आई परत गेली, ती उगाच नाही.

बहुतेक देशांचे नियम याच रेषेवर उभे आहेत. युरोपीय संघाच्या २००४ च्या अन्नस्वच्छता नियमावलीत (क्रमांक ८५२) म्हटलंय की जिथे अन्न तयार होतं, हाताळलं किंवा साठवलं जातं तिथे पाळीव प्राणी पोचू नयेत अशी व्यवस्था हवी. विशेष बाब म्हणून परवानगी मिळाली, तरी त्यातून अन्न दूषित होता कामा नये. अमेरिकेची आदर्श अन्नसंहिता दुकानात जिवंत प्राणी नकोत म्हणते, पण अपंग व्यक्तीच्या मदतनीस प्राण्याला विक्रीच्या आणि जेवायच्या भागात येऊ देते. २०२२ च्या आवृत्तीत उपाहारगृहाच्या बाहेरच्या मोकळ्या भागात काही अटींवर पाळीव कुत्र्यांनाही मुभा आली. तुमच्याकडचा नियम स्थानिक अन्न परवाना कार्यालयात विचारून घ्या, पाटी त्याला धरूनच असावी.

माझं मत विचाराल तर कपड्यांच्या, पुस्तकांच्या, अवजारांच्या दुकानात सवयीचं कुत्रं पट्ट्यासह यायला माझी हरकत नाही, मालकानं कुत्र्याला विचारूनच न्यावं, म्हणजे त्याच्या अंगाकडे बघून. जिथे अन्न उघडं आहे तिथे नको. कडेवर नको, पिशवीत नको आणि ट्रॉलीत तर मुळीच नको, कारण त्याच ट्रॉलीत पुढचा माणूस भाजी ठेवणार.

गोदामातल्या मांजराला माझा ठाम नकार. मांजर दोन-चार उंदीर मारील, पण बीळ बुजवणार नाही. ती पोत्यांवर झोपणार आणि एखाद्या कोपऱ्यात घाण करणार. मांजराच्या विष्ठेतून पडणारे टॉक्सोप्लाझ्मा या परजीवीचे अंडुक एक ते पाच दिवसांत बाधक होतात आणि गरोदर बाईच्या गर्भाला ते धोक्याचे असतात. उंदीर मारून खाणाऱ्या मांजराला ही लागण व्हायची शक्यताही जास्त. त्यापेक्षा भिंतीच्या कडेनं टॉर्च घेऊन बसा. घरात फिरणारी बारीक उंदरं जेमतेम ६ मिलिमीटरच्या फटीतून आत येतात, मोठ्या उंदरांना १२-१३ पुरतात. पेन्सिल जाईल अशी फट दिसली की तारेची जाळी आणि सिमेंट. दाराखाली पत्र्याची पट्टी. पोती जमिनीपासून वीतभर उंच आणि भिंतीपासून इतकी दूर की मागून झाडू फिरेल.

⸻

पांढरी_काठी:

मी पूर्ण अंध आहे, हा धागा यंत्राच्या आवाजात ऐकला. माझ्यासोबत प्रशिक्षित मार्गदर्शक कुत्री असते. म्हणून ताई, पाटीतल्या शब्दांबद्दल मला पोटतिडकीनं बोलायचं आहे.

"कुत्र्यांना प्रवेश नाही" एवढंच लिहिलेल्या दुकानात काय होतं सांगतो. दारावरचा मुलगा मला अडवतो. मी समजावतो. तो आत विचारायला जातो. मी उंबऱ्यावर उभा. मागची माणसं माझ्या डोक्यावरून आपापसात वाद घालतात, एक म्हणतो जाऊ द्या, दुसरा म्हणतो नियम तो नियम. माझ्याशी कुणीच बोलत नाही. मला फक्त मीठ घ्यायचं असतं. त्या मुलाचा मला राग येत नाही, त्याला कुणी सांगितलेलंच नसतं. ज्यानं पाटी लिहिली त्यानं सांगायला हवं होतं.

मार्गदर्शक कुत्री ही काही कालची टूम नाही. पहिल्या महायुद्धात दृष्टी गेलेल्या सैनिकांसाठी जर्मनीतल्या ओल्डेनबुर्गमध्ये १९१६ साली शाळा निघाली, अमेरिकेत १९२९ साली. अन्न पडलेलं असलं तरी तोंड न लावणं, माणसांच्या गर्दीत न बिथरणं, दुकानात घाण न करणं हे त्यांच्या शिक्षणातच येतं.

आणि तांबूस_पंजा ताई, तुम्हाला दुखवायचं नाही, पण पाळीव कुत्री आत नकोत यामागे माझंही कारण आहे. एकदा एका दुकानात एक कुत्रा माझ्या कुत्रीच्या अंगावर धावून आला. जखम फारशी झाली नाही. पण त्यानंतर ती दुसरं कुत्रं दिसलं की मध्येच थांबायची, आणि ती थांबली म्हणजे माझे डोळे थांबले. पुन्हा प्रशिक्षक बोलवावा लागला. त्या कुत्र्याचा मालकही "आमचा काही करत नाही" असंच म्हणत होता.

⸻

वजनकाटा:

डॉक्टर, तुमचं वाचून लगेच फोन केला होता. कुत्र्याला रात्री उलट्या झाल्या होत्या, त्या जेवण न पचल्यामुळे झाल्या असं बाई समजून बसल्या होत्या. दवाखान्यात सलाइन लावून ठेवून घेतलं. मूत्रपिंडाच्या तपासण्या दोनदा झाल्या, दोन्ही ठीक आल्या. आज घरी सोडलं. बाई स्वतः दुकानात आल्या होत्या, एकट्या. बराच वेळ बोललो.

मांजराचा बेत रद्द. टॉर्च घेऊन बसले तर शटरच्या खोबणीपाशीच अंगठा जाईल एवढी फट निघाली. पिंपांना झाकणं सांगितलीत, मापं दोरीनं बांधणार आहे.

पाटी अशी लिहिलीय, सगळ्यांनी बघा:

"येथे सुटे, उघडे अन्न आहे. कृपया पाळीव प्राणी आत आणू नयेत. कडेवर, पिशवीत किंवा ट्रॉलीतही नकोत. अपंग व्यक्तींच्या मदतनीस कुत्र्यांचे स्वागत आहे, ओळखपत्र दाखवावे. प्राणी सोबत असल्यास दारावरची घंटा वाजवा, सामान बाहेर आणून देऊ."

दाराच्या सावलीच्या बाजूला कडी ठोकून पाण्याचं भांडं ठेवायचाही विचार आहे.

⸻

तांबूस_पंजा:

मनुकांचं मला माहीतच नव्हतं. माझ्या कुत्रीला कालपरवापर्यंत द्राक्षं भरवत होते, आजपासून बंद.

घंटेची सोय असेल तर माझी काही तक्रार नाही, उलट यादी देऊन बाहेर तिच्याजवळ उभी राहीन. पण कडी नका ठोकू ताई. कडी दिसली की लोक कुत्रं बांधून निवांत आत फिरतात. पाणी मात्र ठेवा, आणि रोज बदला.

⸻

निवृत्त_पशुवैद्य:

कडीबद्दल तांबूस_पंजा यांच्याशी सहमत. दाराजवळ बांधलेलं कुत्रं आत-बाहेर करणाऱ्या प्रत्येकाच्या वाटेत येतं, त्याला मागे सरकायला जागा नसते. चावे अशाच ठिकाणी होतात.

⸻

पांढरी_काठी:

ताई, पाटी छान आहे, "स्वागत" हा शब्द ऐकून बरं वाटलं. फक्त "ओळखपत्र दाखवावे" तेवढं काढा. काही देशांत असं कार्ड देतात, काही देशांत देतच नाहीत. अमेरिकेच्या अपंगत्व कायद्यात तर दुकानदाराला कागद मागायची परवानगीच नाही. गरज उघड दिसत नसेल तर दोनच प्रश्न विचारता येतात: हा कुत्रा अपंगत्वामुळे लागतो का, आणि त्याला कोणतं काम शिकवलंय? कुत्रा आवरत नसेल किंवा दुकानात घाण करत असेल तर त्याला बाहेर न्यायला सांगायचा हक्क तुम्हाला तिथेही राहतो.

तुमच्या मुलांना हे दोन प्रश्न शिकवून ठेवा. प्रश्न मला विचारायचे, सोबतच्या माणसाला नाही. काम करताना कुत्रीला हात लावायचा नाही, हाक मारायची नाही, खाऊ द्यायचा नाही. आणि घंटा किती उंचीवर, दाराच्या कुठल्या बाजूला बसवणार ते इथे लिहा, म्हणजे चाकाच्या खुर्चीवरून तिथवर हात पोचतो का ते इथल्या कुणाला तरी सांगता येईल.

⸻

वजनकाटा:

ओळखपत्राची ओळ काढली. घंटा दाराच्या उजव्या बाजूला, जमिनीपासून एक मीटरवर बसवते. चालेल ना?