खड्डे मोजून लघुग्रहाचं वय कसं काढतात?

धुऱ्यावरचा (दारव्हा): पहिल्या सरीनंतर वावरात गेलतो. वखरलेल्या मातीवर थेंबायचे खड्डे, ज्वारीच्या दाण्याएवढे, विरळ विरळ. बाबा धुऱ्यावरूनच म्हणे, "पाचच मिनिटं आला गा, पेरू नको." लघुग्रहाचं वयही म्हणे असंच काढतात. पण थेंब किती जोरात पडत होते हे कसं समजलं? अन् मंधात कोणं वखर फिरवला असन तर?

खगोलवेडी (अकोला): ते चंद्रावरून समजलं. अपोलोवाल्यांनी १९६९ ते १९७२ मध्ये दगड आणले, त्यांचं वय प्रयोगशाळेत निघालं, आणि ते उचलले तिथले खड्डे मोजले. त्यावरून किती वर्षांत किती खड्डे पडतात हे गणित बसलं. लघुग्रहांसाठी ते गणित बदलून घ्यावं लागतं, तिथं टकरींचं प्रमाण वेगळं. आणि हे वय पृष्ठभागाचं, अख्ख्या गोळ्याचं नाही. वेस्टा हा लघुग्रह सुमारे ५२५ किमीचा. त्याच्या दक्षिणेला ऱ्हियासिल्व्हिया हा ५०० किमीचा खड्डा! तो पडताना उडालेल्या मालाखाली तिकडचे जुने खड्डे बुजले. उत्तरेकडं मात्र खड्ड्यात खड्डे. हाच तुमचा वखर.

धुऱ्यावरचा: बरं. पण आमच्या टेकडीकडच्या मुरमाड दोन एकरात त्याच पावसाचा मागमूस नव्हता. हे धरतात काय?

गुरुजी_मेहकर: खरी गोम तिथंच आहे. जपानच्या हायाबुसा-२ यानानं एप्रिल २०१९ मध्ये रियुगु या लघुग्रहावर दोन किलो तांबं सेकंदाला दोन किमी वेगानं आदळवलं. खड्डा पडला चौदा मीटरच्या वर! म्हणजे जमीन भुसभुशीत. अशा जमिनीत बारका दगडही मोठा खड्डा पाडतो, आणि बारके दगड तर ढिगानं असतात. म्हणून तेवढे खड्डे पडायला वेळ कमी लागतो. या हिशेबानं पृष्ठभागाचं वय ६० लाख ते १ कोटी १० लाख वर्षं निघालं. घट्ट धरला असता तर दहा कोटींच्या वर गेलं असतं. (आमच्या लोणारला मोजायला एकच खड्डा, तिथं दगडच तपासावे लागतात. एका पद्धतीनं ५२ हजार वर्षं, दुसरीनं ५ लाख ७० हजार!)

धुऱ्यावरचा: बाबाले वाचून दाखवलं. त्यायचा एकच सवाल: एवढा खड्डा केला, तर आत ओल किती होती?

खगोलवेडी (अकोला): बाबांना सांगा, होती! रियुगुहून आणलेल्या मातीत एका स्फटिकाच्या पोटात पाणी सापडलं. पेरण्याइतकं नाही.