छप्पर बदलायचंय, तीन कोटेशनं आली आणि तिन्हींचा एकमेकांशी काही संबंध नाही

वरच्यामजल्यावरची:
घर जुनं आहे, स्वतंत्र, खाली वर दोन मजले, शहराच्या अगदी मधल्या भागात. गल्ली अशी की एक गाडी आत आली की दुसरीला रिव्हर्स घ्यावा लागतो. वर उतरतं कौलारू छप्पर, मागे नंतर वाढवलेल्या खोलीवर सिमेंटचे पत्रे. पाऊस आला की दोन ठिकाणी बादल्या लावायला लागतात, आता वाशांनाही कीड लागलीये असं वाटतंय म्हणून एकदाचं सगळं बदलूनच टाकू असं ठरवलं. तीन जणांना बोलावलं. एकाने चौरस फुटाचा रेट दिला, दुसरा म्हणाला सगळं मिळून उक्तं काम घेतो एवढ्याला, तिसरा म्हणतो माल तुमचा मजुरी माझी. हिशोब एका लेव्हलला आणायचा प्रयत्न केला तर सगळ्यात वरचा आकडा सगळ्यात खालच्याच्या जवळजवळ दुप्पट येतोय. आणि गंमत म्हणजे शहराबाहेर राहणाऱ्या मामेभावाचं साधारण एवढंच छप्पर आमच्या सगळ्यात स्वस्त कोटेशनच्याही निम्म्यात झालं. माल तर तोच ना, पत्रा इथे काय सोन्याचा मिळतो का? नक्की पैसे जातात कुठे आणि या तिघांची तुलना करायची कशी?

मोजपट्टी:
ताई, पहिल्याला आधी एकच विचारा, चौरस फूट म्हणजे कुठले चौरस फूट. जमिनीवरचे की पाख्याचे, म्हणजे छपराच्या उतरत्या बाजूचे? सगळी गडबड इथेच होते.

समजा घर ३० बाय ४० आहे, म्हणजे १२०० चौरस फूट. तुमच्या डोक्यात १२०० बसलेले असतात. पण छप्पर भिंतीवर संपत नाही, वळचण बाहेर येते, चारही बाजूंनी दोन-दोन फूट धरा, झालं ३४ बाय ४४, म्हणजे १४९६. आता उतार ३० अंशांचा असेल तर प्रत्यक्ष पाख्याचं क्षेत्रफळ त्याच्या साधारण १.१५ पट, म्हणजे १७२७ च्या आसपास. एकही फूट खोटा न मोजता १२०० चे १७२७ झाले. जो माणूस १२०० वर रेट देतो त्याचा रेट जास्त दिसणारच आणि जो १७२७ वर देतो त्याचा कमी, शेवटी दोघांचं बिल सारखंही येऊ शकतं.

त्यात परत पत्रा असेल तर कडेची लाट शेजारच्या पत्र्यावर चढते, ११०० मिलिमीटरचा पत्रा बसल्यावर १००० च झाकत असेल तर शंभर मिलिमीटर दर पत्र्यामागे गेलेच, ते आणलेल्या मालावर मोजणार की झाकलेल्या भागावर हे कागदावर लिहून घ्या. साधं दोन पाख्यांचं छप्पर असेल तर तुकडे कमी वाया जातात, चारी बाजूंनी उतार किंवा मध्ये दोन पाखी मिळून नळी होत असेल तर तिरके काप येतात आणि वेस्टेज वाढतं, तिथे १५ टक्के धरले तरी मला जास्त वाटणार नाही.

पत्र्याची जाडीही विचारा. पॉइंट पाच मिलिमीटर म्हणतात ती बऱ्याचदा रंग आणि कोटिंग धरून असते, आतलं लोखंड पॉइंट पंचेचाळीस किंवा त्याहून कमी निघतं. दोघे 'पॉइंट पाच' म्हणत असतील तरी माल एकच असेल असं नाही.

निवांत:
उक्तं देऊ नका. वर चढल्यावर रोज नवीन 'एक्स्ट्रा' निघतो आणि छप्पर उघडं असल्यामुळे आपण काहीच बोलू शकत नाही. आमच्याकडे हेच झालं, अर्धी कौलं उतरवून झाली आणि मग गडी म्हणतो वासे धरलेच नव्हते.

फोरमन_निवृत्त:
उक्त्याला सरसकट नाही म्हणू नका, उक्त्यात काय काय आहे ते लिहिलेलं नसणं हा प्रॉब्लेम आहे. असो. मूळ प्रश्न, मामेभावाचं निम्म्यात कसं झालं.

तुम्ही सगळे वर काय चढणार याचाच हिशोब करताय, खाली काय उतरणार ते बघा. कौलारू छप्पर चौरस मीटरला साधारण ४० ते ५० किलो भरतं. वरच्या उदाहरणातले १७२७ चौरस फूट म्हणजे १६० चौरस मीटर, म्हणजे साडेसहा ते आठ टन नुसती कौलं. त्याच्या जागी पत्रा घातला तर चौरस मीटरला पाचेक किलो, सगळा मिळून टनाच्या आत. म्हणजे शहरातलं तुमचं काम हे एक टन चढवण्याचं नाही, आठ टन उतरवण्याचं आहे, आणि तेही अशा गल्लीत जिथे ट्रक येत नाही.

मामेभावाकडे ट्रक अंगणात लागला असणार, कौलं वरून घसरवली, परसात रचली, नवा माल आदल्या आठवड्यातच येऊन पडला होता, गडी सकाळी आले आणि कामाला लागले. तुमच्याकडे मोठ्या गाड्यांना दिवसा बंदी असेल तर माल रात्री येणार, नाक्यावर उतरणार, तिथून हातगाडी किंवा डोक्यावर. ठेवायला जागा नाही म्हणून एका खेपेत न येता तीन खेपांत येणार, तीन भाडी. राडारोडा खाली टाकता येत नाही, शेजाऱ्याची खिडकी आहे, रस्त्यावर माणसं आहेत, म्हणून च्यूट (राडारोडा खाली सोडायची नळी) लावा किंवा पोत्यात भरून उतरवा. परांची फुटपाथवर येणार असेल तर पालिकेची परवानगी, खाली जाळी, वर ताडपत्री. राडारोडा टाकायची जागा शहराबाहेर, त्याचं भाडं वेगळं आणि तिथे टाकायचे पैसे वेगळे. यातलं काहीही छपरात दिसत नाही, बिलात मात्र सगळं दिसतं.

आणि स्वस्त कोटेशनमध्ये नेमकं हेच नसतं. तिघांनाही एकच वाक्य विचारा, जुना माल घराच्या दारातून बाहेर आणि शहराच्या बाहेर कोण नेणार. उत्तर ऐकलं की दुप्पट का आहे ते बरंचसं कळेल.

वरच्यामजल्यावरची:
बापरे, आठ टन! उक्तं वाल्याच्या कागदावर 'जुने छप्पर काढणे' एवढंच आहे, नेणे कुठेच नाही 😅 आज फोन केला तर म्हणतो ते तुम्ही बघायचं.
अजून एक, चौरस फूट वाला म्हणतो कौलं काढून त्याच वाशांवर पत्रा टाकू, पत्रा हलका असतो त्यामुळे जुन्या लाकडाला काही होत नाही, लाकडाचे पैसे वाचतील. पटण्यासारखं वाटलं.

मोजपट्टी:
वजनाच्या बाजूने बरोबर आहे त्याचं. कीड लागलेला वासा सोडून, तो बदलायलाच हवा.

फोरमन_निवृत्त:
अर्धंच बरोबर आहे. कौलारू छप्पर मुख्यतः स्वतःच्या वजनाने जागेवर बसलेलं असतं. ताशी १०० किलोमीटरचा वारा सुटला तर त्याचा दाब चौरस मीटरला ४५-५० किलोच्या घरात जातो, आणि छपराच्या कडा, कोपरे, आढं म्हणजे वरचा माथा इथे तो वरच्या दिशेने ओढतो. ४५ किलोची कौलं निदान झुंजतात तरी. पाच किलोचा पत्रा काय झुंजणार, त्याला खालच्या लाकडानेच धरून ठेवायचं आणि ते लाकूड भिंतीने. जुने वासे बऱ्याचदा भिंतीवर नुसते टेकवलेले असतात, मग पत्रा वाशाला कितीही घट्ट स्क्रू केला तरी वाशासकट उचलला जातो. त्यामुळे पत्रा घालायचा तर वासे भिंतीला पट्टी-बोल्टने बांधणं हा वेगळा आयटम कोटेशनमध्ये हवा, आणि कोपऱ्यात, कडेला स्क्रू जवळजवळ. हे ज्याने न विचारता स्वतःहून सांगितलं असेल त्याच्याकडे माझा कल राहील, चार पैसे जास्त असले तरी.

किडीचे वासे किती निघतील हे उघडल्याशिवाय कुणालाच सांगता येत नाही, जो सांगतो तो थापा मारतो. म्हणून आकडा मागू नका, रेट मागा. एक वासा बदलायचा रनिंग फुटाला किती, रीप (वाशांवरची आडवी पट्टी) किती, हे आधीच लिहून घ्या. निवांत यांच्याकडे जे झालं ते मग होत नाही, कारण वर काय निघालं ते मोजायचं आणि ठरलेल्या रेटने गुणायचं एवढंच उरतं.

शाकारणी:
सगळे पत्र्यावरच का घसरलेत? मुळात बदलायची गरज आहे का ते तरी बघा. दोन ठिकाणी गळतंय म्हणजे सगळं छप्पर गेलं असं नसतं. पाणी शिरतं एकीकडे, वाशावरून सरकत जातं आणि टपकतं भलतीकडेच, त्यामुळे बादलीच्या बरोबर वर बघून काही कळत नाही. बहुतेक गळती सांध्यात असते, छप्पर भिंतीला भिडतं तिथे, दोन पाख्यांच्या नळीत, आढ्यावरच्या सरकलेल्या कोन्याखाली. कौलं उतरवून, फुटकी बाजूला काढून, खराब वासे-रिपा बदलून तीच कौलं परत चढवा. आठ टन राडारोड्यातला बराचसा तिथेच वाचला. वर पत्रा तापतो, पावसात वाजतो, आणि खाली इन्सुलेशन आत्ता नाही घातलं तर नंतर परत सगळं उघडा.
कौलं बोटाने वाजवून बघा, खणखणीत वाजलं तर चांगलं, भद्द वाजलं तर आत चीर आहे.

फोरमन_निवृत्त:
मान्य, कौलं चांगली असतील तर. मी पत्रा म्हणालो कारण प्रश्न पत्र्याचा होता.

मोजपट्टी:
एक राहिलंच, मागच्या खोलीवरचे सिमेंटचे पत्रे. जुने असतील तर त्यात अ‍ॅस्बेस्टॉस असण्याची दाट शक्यता आहे, नक्की काय ते लॅबमध्ये तुकडा तपासल्यावरच कळतं, नुसतं बघून नाही. तोपर्यंत आहे असंच धरून चाला. हातोड्याने फोडून खाली टाकायचे नाहीत, कोरडे कापायचे नाहीत, त्याचे तंतू फुप्फुसात जातात आणि आजार कित्येक वर्षांनी वर येतो. ओले करून, शक्य तेवढे अख्खे काढायचे, जाड प्लॅस्टिकमध्ये गुंडाळायचे आणि बाकीच्या राडारोड्यात मिसळायचे नाहीत. हे काम येणारी माणसं वेगळी, त्याचा खर्च वेगळा, बहुधा तुमच्या सगळ्यात महागड्या कोटेशनमध्ये तोही धरला असेल, विचारून बघा. आणि कुणालाही त्या पत्र्यांवर पाय ठेवू देऊ नका, माणूस सरळ आरपार खाली येतो.

वरच्यामजल्यावरची:
हो!! आत्ताच काढून बघितलं, 'मागील पत्रे विशेष विल्हेवाट' अशी ओळ आहे, आम्हाला वाटलेलं उगाच फुगवलंय. कौलंही वाजवून बघितली, हाताला येतात तेवढी, बरीचशी खणखणीत आहेत. म्हणजे आता तिघांनाही परत बोलावून कौलं परत चढवायच्या हिशोबाने कोटेशन मागते. पैसे कसे द्यायचे? एकजण अर्धे आधी मागतोय.

फोरमन_निवृत्त:
अर्धे आधी नाही. माल दारात आला की मालाचे, कौलं उतरवून लाकूडकाम झालं की पुढचा हप्ता, कौलं चढली की पुढचा. दहाएक टक्के मागे ठेवा आणि ते कधी देणार हेही आधीच ठरवा, पहिला जोरदार पाऊस होऊन गेल्यावर. कोरड्या दिवसांत काम करून घेत असाल तर पावसाची वाट बघू नका, पाइप लावून टेस्ट करा, पण एकदम आढ्यावर पाणी सोडू नका. खालच्या वळचणीपासून सुरू करायचं, एक पट्टा भिजवायचा, आत एक माणूस बॅटरी घेऊन उभा, गळलं नाही तर वरच्या पट्ट्यावर जायचं. तसं केलं तरच नक्की कुठून शिरतंय ते सापडतं. पन्हळही त्याच वेळी बघून घ्या, तासाला ५० मिलिमीटर पाऊस पडला तर वरच्या उदाहरणाएवढ्या छपरावरून सात हजार लिटर पाणी खाली येतं, ते शेजाऱ्याच्या भिंतीवर नको.