हॉल्टवरून आईला घेऊन यायचंय, तिकीट कुठे काढू?

डोंबिवलीचा_कोकणी:
आईला गावाहून डोंबिवलीला आणायचंय. गाव कोकण रेल्वेवर वीर स्टेशनच्या पुढे, स्टेशन म्हणजे नुसता हॉल्ट, नाव लिहीत नाही कारण तिथल्या कोणाला उगाच बोल लागायला नको. एक शेड, दोन बाकडी, एक पाटी, खल्लास. तिकीटवाला असला तर असला, गणपतीत गेलो तेव्हा कुलूप होतं. सकाळच्या रत्नागिरी-दिवा पॅसेंजरने यायचा विचार आहे, एसटी आईला लागते आणि हायवेला माणगावचं ट्रॅफिक तुम्हाला माहितीच आहे. तर तिकीट कुठून काढायचं, गाडी कुठे आलीय ते कोणाला विचारायचं आणि प्लॅटफॉर्म इतका खाली आहे की आई चढणार कशी? गुडघ्यांचा त्रास आहे तिला.

रिटायर्ड_बाबू:
अहो, खिडकीवरचा माणूस बहुतेक रेल्वेचा नोकर नसणार. बऱ्याच हॉल्टवर कमिशनवाला एजंट असतो. तिकिटं स्वतःचे पैसे भरून मोठ्या स्टेशनवरून आधी आणायची आणि विकतील त्यावर चार पैसे. दोन पॅसेंजर गाड्या थांबणाऱ्या ठिकाणी त्यात काय सुटणार, लावणीच्या दिवसात तो शेतावर गेला तर मी तरी त्याला बोलणार नाही. तिकीट नाहीच मिळालं तर गाडी आल्या आल्या गार्डला सांगा (2022 पासून त्यांना ट्रेन मॅनेजर म्हणायचं म्हणे, आमच्या तोंडात गार्डच) आणि टीसी दिसला की स्वतः उठून त्याच्याकडे जा. गप्प बसलात आणि पकडलं तर भाडं आणि वर कमीत कमी 250 दंड, मग एजंट नव्हता वगैरे कोणी ऐकत नाही.

लाल_डबा:
एवढं कशाला, मोबाईलवर काढा ना. आधी रेल्वेचं यूटीएस अ‍ॅप होतं, 2025 पासून रेलवन आलंय. फक्त घरून निघतानाच काढा, रुळांच्या जवळ उभं राहिलं की जीपीएसमुळे अ‍ॅप नाही म्हणतं आणि आत काढायला क्यूआर लागतो, तो तुमच्या शेडला चिकटवला असेल असं वाटत नाही. रात्रीच काढून ठेवू नका हां, 3 तासांत किंवा पुढच्या पहिल्या गाडीने निघावं लागतं. यादीत हॉल्टचं नाव सापडलं नाही तर गाडी आधी जिथून येते त्या मागच्या स्टेशनपासूनचं काढा, चार रुपये जास्त जातील.

करंजाडीकर:
गाडीच्या वेळेचं सांगतो, यात सगळे फसतात. हॉल्टला स्टेशन मास्तर नाही, सिग्नल नाही, त्यामुळे गाडी आली-गेली हे कळवणारं तिथे कोणीच नाही. अ‍ॅपवर हॉल्टसमोर जी वेळ दिसते तो नुसता हिशोब असतो. आपण मागच्या क्रॉसिंग स्टेशनवरून (जिथे एक गाडी बाजूला थांबून दुसरीला वाट देते) गाडी सुटली का तेवढंच बघायचं, सुटली की मग मधे कुठे अडकायला जागाच नाही, चपला घालायच्या. तोपर्यंत घरी चहा प्या, कारण रोहा ते वीर 2021 मध्ये डबल झालं पण आपल्या बाजूला एकच रूळ, समोरून एक्सप्रेस आली की पॅसेंजरच बाजूला. आणि पावसाळ्यात येणार असाल तर वेळापत्रक वेगळं असतं, 2025 ला 15 जून ते 20 ऑक्टोबर होतं.

सायली_ताई:
आईंचं कोणीच बोललं नाही! आमच्याकडे म्हातारी माणसं न्यायची तर घरातलं प्लास्टिकचं स्टूल घेऊन जातात, मजबूत असलेलं. बरोबर दोघं हवेत, एक वर चढून हात धरणारा आणि एक खाली मागून आधार देणारा, स्टूल तोच परत घरी नेतो. मधल्या डब्यांपाशी उभे राहा, आखूड प्लॅटफॉर्मला टोकाचे डबे बाहेर खडीवर राहतात. गाडी थांबताच मागे गार्डकडे बघून हात वर करायचा, म्हातारं माणूस चढतंय दिसलं की तो हिरवा दाखवायला घाई करत नाही, निदान मला तरी तसा कोणी भेटला नाही.

डोंबिवलीचा_कोकणी:
सायली ताई, स्टुलाचं डोक्यातच आलं नव्हतं, चुलतभावाला सांगतो. बाबू काका, एजंटचा नंबर गावात मिळेल, आदल्या दिवशी फोन करून विचारू का तो असणार का म्हणून?

रिटायर्ड_बाबू:
करा की. आणि तो असेल तर तिकीट त्याच्याकडूनच घ्या, मोबाईलवर नको. खप दिसला नाही तर उद्या तीही खिडकी जाईल.

लाल_डबा:
हे मात्र मान्य 👍 दिव्याला उतरल्यावर काय करणार, आईंना घेऊन लोकलच्या गर्दीत घुसू नका, रिक्षा करा सरळ.