'लॅमेंटेशन' करतेय, आणि बाई म्हणतात रडू नकोस

अधांतरी: अमेरिकन नर्तकी मार्था ग्रॅहमचं १९३० सालचं 'लॅमेंटेशन' (म्हणजे विलाप) शिकतेय. जेमतेम चार मिनिटांचं सोलो, संगीतकार कोडायचा पियानो, एक बाक आणि अंगावर ताणणाऱ्या कापडाची नळी. चेहरा, हात, पावलं एवढीच बाहेर. क्रम तीन आठवड्यांत पाठ झाला. पण परवा बाई म्हणाल्या, "तू रडतेयस. रडू नकोस." मी तर आजी गेली तो दिवस आठवून करत होते! गळा दाटून यायचा, वाटायचं जमलं. मग व्हिडिओ पाहिला. भुवया कपाळाला चिकटलेल्या आणि कमरेखाली सगळा दगड. शोकाचा नाच शोक न आणता करायचा तरी कसा?

जुनं हाड: बाईंचं बरोबर आहे. कॉन्ट्रॅक्शन (ग्रॅहमच्या तंत्रातलं पोट आत ओढणं) श्वास सोडताना ओटीपोटातून निघतं, मग कणा वळतो. तुझं छातीतून निघत असणार, म्हणून मान पुढे पडते आणि उरलेलं काम चेहरा करतो. गुडघा एकीकडे रेटून कोपर उलट्या बाजूला ओढ, कापडावर तिरकी रेघ उमटेल. दहाव्या रांगेला ती रेघ दिसते, तुझे डोळे नाही. आणि टी-शर्टवर सराव करत असशील तर आजच बंद कर. मी दोन महिने नळीशिवाय केलं आणि ती चढवल्यावर पहिल्याच दिवशी बाकावरून खाली आले. (हसू नका.)

तिसरी घंटा: मला हे अर्धंच पटतं. जर्मन नृत्यदिग्दर्शिका पिना बाउश तिच्या 'काफे म्यूलर' या नाचात (१९७८) डोळे मिटून नाचायची. पुढे तेच पुन्हा करताना तिला काहीतरी हरवल्यासारखं वाटलं. मग लक्षात आलं की मिटल्या पापण्यांआड नजर खाली आहे की समोर, यानेच सगळा फरक पडतो. प्रेक्षकाला यातलं काय दिसणार? तरी अंग बदलतंच. आजीला हाकलू नकोस गं, फक्त ती शरीरात कुठे आहे ते शोध.

जुनं हाड: हे मान्य. पण आधी ओटीपोट.

अधांतरी: आज नळी घालून केलं. आजी आठवलीच नाही, सगळं लक्ष कापडाशी झटण्यात. डावा गुडघा रेटताना एका जागी ते इतकं ताणलं की श्वास आपसूक सुटला, आणि पोट आत गेलं ते मी नेलंच नव्हतं. बाई एवढंच म्हणाल्या, "परत." मग सात वेळा परत. त्यातल्या एकदाच जमलं, बहुतेक चौथ्यांदा.