त्या स्टिकरबद्दल

बी-४०२: नमस्कार मंडळी. काल मुलीच्या ऑनलाइन क्लासमध्ये कुणीतरी स्क्रीनशॉट काढला. मागे तिचे आजोबा बनियनवर बसून डोळ्यांत औषध घालत होते. रात्री त्याचं स्टिकर झालं आणि सकाळी ते आपल्याच मुलांच्या ग्रुपवर फिरतंय. कुणाचं नाव घेत नाही, पण मुलांना ते काढायला सांगा हो.

सेक्रेटरी: वाईट झालं. त्या ग्रुपचा अ‍ॅडमिन ते सगळ्यांसाठी डिलीट करू शकतो, मी बघतो.

सी-२०४: काका, ग्रुपवरून जाईल, पण ज्यांनी फेव्हरिटमध्ये टाकलंय त्यांच्याकडे राहणारच. वहिनी, लॅपटॉप कुठे ठेवता?

बी-४०२: हॉलमध्ये. तिच्या मागे आतलं दार येतं. वायफाय तिथेच धड चालतं.

सी-२०४: मग टेबल फिरवा. तिची पाठ भिंतीला टेकली पाहिजे, म्हणजे मागून कुणी जाऊच शकत नाही. ब्लर लावा, म्हणजे मागचं धूसर दिसतं, पण त्याच्या भरवशावर राहू नका. मागे दुसरं माणूस आलं की कधी कधी त्यालाही ते वर्गातलंच समजतं आणि स्वच्छ दाखवतं. क्लासला बसण्याआधी कॅमेऱ्याचं अ‍ॅप उघडून एकदा बघायचं, काय काय दिसतंय. आमच्याकडे कपाटाच्या आरशात अख्खी खोली दिसत होती, महिनाभर पत्ता नाही!

डी-५०१: एवढा त्रास कशाला? आमच्या वेळी वर्गात तोंड लपवायची सोय नव्हती.

ए-३०१: काका, तुमच्या वेळी वर्गात कुणाच्या घरातली कपड्यांची दोरीही दिसत नव्हती. मी स्वतः ऑनलाइन शिकवते. वीस काळ्या चौकोनांपुढे बोलायचं म्हणजे विहिरीत बोलल्यासारखं वाटतं, हे खरं. मीही आधी कॅमेऱ्याची सक्ती करायचे. मग एका मुलाने रोज तोंडापुढे वही धरायला सुरुवात केली. विचारलं तर म्हणाला, मागे बाबा झोपलेले असतात, रात्रपाळी असते. तेव्हापासून हजेरीला दोन मिनिटं चेहरा, पुढे ज्याची त्याची मर्जी. उत्तरं चॅटमध्ये चालतात.

बी-४०२: आमच्या क्लासला कॅमेरा बंद केला की गैरहजेरी लावतात.

ए-३०१: बोला त्यांच्याशी, लेखी. कॉर्नेल विद्यापीठात २७६ विद्यार्थ्यांना कॅमेरा बंद का ठेवता ते विचारलं होतं, २०२१ मध्ये ते छापून आलं. सगळ्यांत जास्त जणांनी, ४१ टक्क्यांनी, आपण कसे दिसतो याची काळजी सांगितली. मागची खोली, माणसं, नेट हीही कारणं होतीच. टंगळमंगळ करणारे असतात, नाही असं नाही, पण ते कॅमेरा चालू ठेवूनही करतात. आणि स्वतःचा चौकोन लपवायला शिकवा मुलांना. तासभर स्वतःचंच तोंड बघून मोठी माणसंसुद्धा थकतात. बाकीच्यांना आपण दिसतच राहतो.

सेक्रेटरी: कॅमेऱ्यावर पट्टी लावलेली बरी का? फेसबुकवाल्या झुकरबर्गच्या लॅपटॉपवर होती म्हणे.

सी-२०४: हो, २०१६ च्या फोटोत दिसली होती. साधी कागदी पट्टी लावा, क्लास नसताना. मॅकबुकवर सरकतं झाकण लावून स्क्रीन मिटू नका, ती तडकू शकते, अ‍ॅपलनेच २०२० मध्ये सांगितलं होतं. आणि पट्टीने आवाज थांबत नाही, माइक वेगळा बंद करायचा. क्लासची लिंकही इथे-तिथे टाकू नका. २०२० मध्ये झूमच्या वर्गांत परके लोक घुसत होते ते आठवतंय ना? वेटिंग रूम चालू ठेवायला सरांना सांगा, म्हणजे ते आत घेतील तोच आत येईल.

ए-३०१: आणि रेकॉर्डिंग करणार असाल तर आधी सांगा, हे शिक्षकांनाही लागू. मलाही.

डी-५०१: माझ्या नातवाला आत्ता विचारलं. स्टिकर त्यानेच केलंय. "सगळे हसले" म्हणतो. त्याच्या फोनवरून डिलीट केलंय, ज्यांना पाठवलं त्यांना तो स्वतः मेसेज करतोय. संध्याकाळी त्याला घेऊन तुमच्याकडे येतो.

बी-४०२: या काका. साडेपाचनंतर या, पाचला त्यांचं डोळ्यांचं औषध असतं.