लिफ्टमधला परफ्यूम

बी ४०२: सर्वांना नमस्कार. आज सकाळी पुन्हा तेच. लिफ्टचं दार उघडलं आणि असा भपकारा आला की खाली पोचेपर्यंत नाकाला रुमाल लावून उभी होते. आधीच जीव नकोसा करणारा उकाडा. कोण मारतं ते सगळ्यांना माहीत आहे, मी नाव घेत नाही.

ए ३०३: घ्या की नाव ताई. मीच. परफ्यूम लावायलाही आता परवानगी काढायची का? मागे चपलांच्या स्टँडवरून झालं, आता हे.

बी ४०२: स्टँडचा विषय मी नव्हता काढला. सचिवांनी काढला होता.

सचिव: कृपया जुने विषय नकोत.

ए १०१: लिफ्टमधला पंखा बंद आहे. नोंद घ्यावी.

सी ५०१: दादा, लावा हो, कोण नको म्हणतंय. पण तुमचा तो ऊदवाला प्रकार थंडीतला आहे. अंग तापलं की वास भराभर उठतो, आणि ऊद-अंबर असलं जड काही असेल तर बंद जागेत तसाच कोंडून राहतो. उन्हाळ्यापुरतं ऑरेंज ब्लॉसम घेऊन बघा. कडू नारंगीच्या फुलांचा वास. कमी पैशांतही चांगलं मिळतं.

ए ३०३: म्हणजे मी आता संत्रं होऊन फिरू?

बी ४०२: संत्रं चालेल. 🙏

बी २०१: सी ५०१ ताई, मी घेतलं होतं एक. बाटलीवर मोठ्या अक्षरांत नेरोली, आणि अर्ध्या तासात वास गायब. सगळे फसवतात.

सी ५०१: फसवलंच असेल असं नाही गं. नेरोली म्हणजे त्याच फुलांचं वाफेवर काढलेलं तेल. हिरवट, स्वच्छ, किंचित कडसर. त्यातले लिनालूल, लिमोनीन वगैरे घटक मुळातच लवकर उडून जाणारे. फुलं द्रावकात घालून जो अर्क काढतात, त्याला ॲब्सोल्यूट म्हणतात. तो गोड, दाट, मधाकडे झुकणारा आणि बराच जास्त टिकणारा. झाड एक, फूल एक, पण वास दोन. तुला टिकायला हवं असेल तर नुसतं नेरोली बघून घेऊ नकोस. ऑरेंज ब्लॉसमच्या खाली, म्हणजे शेवटी उरणाऱ्या वासात, पांढरी कस्तुरी किंवा हलकं लाकूड दिलेलं बघ.

ए १०१: लिफ्टमधला पंखा बंद आहे. वास त्यामुळे कोंडतो. नोंद घ्यावी.

सचिव: काका, नोंद घेतली आहे.

ए १०१: मागच्या महिन्यातही घेतली होती.

बी ६०३: ही सगळी केमिकलं आहेत. लावायचंच तर शंभर टक्के नैसर्गिक लावावं, नाहीतर लावू नये. स्पष्ट बोलतो, राग मानू नये.

सी ५०१: राग नाही काका, पण हिशोब बघा. साधारण एक टन फुलांतून किलोभर नेरोली तेल निघतं. ट्युनिशिया, मोरोक्कोत वसंतात बहर येतो तेव्हा ती फुलं हातानं खुडतात. एवढ्या खटाटोपाचं तेल स्वस्त बाटलीत भरून कोण देणार? स्वस्त बाटलीवर ‘शंभर टक्के नैसर्गिक नेरोली’ लिहिलं असेल तर मी आधी ती बाजूला ठेवीन.

बी ६०३: म्हणजे स्वस्त ते सगळं खोटं.

सी ५०१: अजिबात नाही! मिथाइल अँथ्रानिलेट नावाचं सुगंधी द्रव्य प्रयोगशाळेत बनतं, पण नारंगीच्या फुलातही तेच असतं. ते हायड्रॉक्सिसिट्रोनेलाल या दुसऱ्या सुगंधी द्रव्याशी जोडलं की ऑरँटिऑल तयार होतं. घट्ट, पिवळं आणि चिवट. स्वस्त परफ्यूममधलं फूल टिकतं ते बहुतेकदा असल्याच द्रव्यामुळे. शिवाय त्याच झाडाच्या पानाफांद्यांचं पेटिटग्रेन तेल असतं. नेरोलीपेक्षा पुष्कळ स्वस्त, वास जरा लाकडी. ऑरँटिऑल आणि पेटिटग्रेन नीट जुळवली तर सुरेख जमतं.

बी ६०३: नैसर्गिक ते नैसर्गिक.

सी ५०१: काका, नैसर्गिक तेलातलं लिमोनीन, लिनालूलही हवा लागून जुनं झालं की त्वचेला ॲलर्जी देऊ शकतं. आणि बर्गामोट या लिंबूवर्गीय फळाच्या सालीचं तेल, त्यातली फ्युरोकौमरिनं ही उन्हात त्रास देणारी द्रव्यं काढलेली नसतील, तर उन्हात त्वचा भाजल्यासारखी होते. पिवळी पडलेली जुनी बाटली नैसर्गिक आहे म्हणून अंगावर ओतायची नाही.

बी ६०३: नैसर्गिक ते नैसर्गिक. 🙏

ए ३०३: हे राहू दे. मला साधं सांगा, सुरुवात कशापासून करू?

सी ५०१: ४७११ पासून. जर्मनीतल्या कोलोन शहराचं जुनं कोलोन, म्हणजे हलकं परफ्यूम. तिथे फारिना हे परफ्यूम बनवणारं घराणं १७०९ पासून या धंद्यात आहे आणि त्या घडणीच्या कोलोनमध्ये लिंबूवर्गीय तेलांबरोबर नेरोली असतंच. ४७११ स्वस्त आहे, प्रसन्न आहे, आणि टिकत नाही. कोलोनमध्ये सुगंधी तेल जेमतेम चार-पाच टक्के, बाकी अल्कोहोल. छोट्या स्प्रेत भरून जवळ ठेवा, दुपारी पुन्हा मारा. आवडलं तर मग ओ द परफ्यूम घ्या, तिथे प्रमाण साधारण पंधरा-वीस टक्के असतं.

बी ४०२: दुपारी पुन्हा म्हणजे लिफ्टमध्ये नव्हे, एवढी कृपा करावी.

ए ३०३: ताई, मी घरातच मारतो. कॅमेरा बघा हवं तर.

सचिव: कॅमेऱ्याचा विषय सभेत.

बी २०१: पांढऱ्या कुर्त्यावर मारलं तर चालेल ना?

सी ५०१: नको! ऑरँटिऑलनं पिवळा डाग पडू शकतो. कपड्याच्या आतल्या बाजूला मारून बघ, नाहीतर मनगटावर आणि मानेमागे. बाटली तापलेल्या गाडीत ठेवायची नाही, आत अल्कोहोल आहे. आणि घ्यायच्या आधी छोटं सॅम्पल घे. पहिल्या पाच मिनिटांत ठरवू नकोस, ती नुसती लिंबाची असतात. तासाभरानं जे उरतं ते आवडलं तरच मोठी बाटली.

बी २०१: माझी ती उरलेली बाटली आहे, दादांना हवी असेल तर देते. संध्याकाळी दारात ठेवू?

ए ३०३: ठेवा वहिनी. चपलांच्या स्टँडवर ठेवू नका फक्त.

बी ४०२: टोमणा कळला.

ए १०१: लिफ्टमधला पंखा.