वरच्या दुधाच्या डब्यावरची रासायनिक नावं: कशाला घाबरायचं, कशाला नाही?

प्रश्न
बाळ अडीच महिन्यांचं आहे. अंगावरचं दूध पुरत नाही म्हणून डॉक्टरांनी पावडरचं दूध सुरू करायला सांगितलंय. डब्यावर माल्टोडेक्स्ट्रिन, पाम ओलीन, सोया लेसिथिन, आयएनएस ३०४, सोडियम सेलेनाइट अशी नावं आहेत. एवढी रसायनं तान्ह्या बाळाला चालतात? घरातली मोठी माणसं म्हणतात, त्यापेक्षा गाईच्या दुधात निम्मं पाणी घालून द्या.

उत्तर १
एकेक नाव सुटं करून बघा. आयएनएस हा खाण्यात मिसळायच्या पदार्थांचा आंतरराष्ट्रीय क्रमांक; ३०४ म्हणजे क जीवनसत्त्वाचंच तेलात विरघळणारं रूप. पावडरीतली तेलं खवट होऊ नयेत म्हणून ते चिमूटभर घालतात. लेसिथिनमुळे तेल आणि पाणी एकजीव राहतं. सोडियम सेलेनाइट हे सेलेनियमचं क्षार. नाव भीतीदायक असलं तरी १०० किलोकॅलरीला (साधारण १५० मिली दूध) सेलेनियम १ ते ९ मायक्रोग्रॅमच्या मर्यादेत ठेवतात, आणि बाळाला ते लागतंच.

पाम ओलीन म्हणजे पाम तेलाचा पातळ भाग, त्याबद्दलची शंका मात्र रास्त आहे. आईच्या दुधात पामिटिक आम्ल मेदाच्या रेणूत बहुतेक मधल्या जागी असतं, पाम तेलात ते कडेला असतं. कडेचं आम्ल आतड्यात सुटं होतं, कॅल्शियमला चिकटतं आणि त्याचा न विरघळणारा साबण होतो. त्यामुळे शी घट्ट होते, थोडं कॅल्शियमही वाया जातं. बाळ कुंथत असेल तर पाम तेल नसलेला डबा डॉक्टरांना विचारून बघा.

माल्टोडेक्स्ट्रिन (स्टार्चपासून बनवलेलं कर्बोदक) विष नाही, पण आईच्या दुधातली साखर म्हणजे लॅक्टोज. घटकांची यादी वजनाच्या उतरत्या क्रमाने असते. लॅक्टोज वर आणि माल्टोडेक्स्ट्रिन खाली, किंवा नाहीच, असा डबा मी आधी निवडेन. साखर (सुक्रोज) दिसली तर कारण विचारा.

कॅरॅजीनन (आयएनएस ४०७) वर बराच वाद आहे. युरोपात जन्मापासूनच्या दुधात ते चालत नाही. पण ते मुख्यतः तयार द्रव दुधात थर बसू नये म्हणून घालतात, पावडरीत त्याची गरजच नसते.

उत्तर २
गाईच्या दुधात पाणी घालू नका, कळकळीने सांगते. त्यात लोह फारच कमी, प्रथिनं आणि क्षार मात्र आईच्या दुधाच्या तिपटीच्या आसपास. पाणी घातलं की क्षार उतरतात, पण उष्मांकही निम्मे होतात आणि लोह तर आणखी कमी. वर्षभर तरी हे मुख्य दूध नको. मधाचं बोटही नको, त्यात बोट्युलिझमचे (स्नायू लुळे पाडणाऱ्या विषबाधेचे) बीजाणू असू शकतात.

खरी गडबड डब्यात कमी, ओट्यावर जास्त होते. बाटलीत आधी पाणी मोजायचं, मग पावडर. १२० मिली पाण्यात ४ सपाट चमचे घातले की पातळी १३० च्या आसपास जाते, ते बरोबरच आहे. आधी पावडर टाकून १२० च्या रेघेपर्यंत पाणी भरलं तर दूध दाट होतं, आणि क्षारांचा भार मूत्रपिंडावर पडतो. डबा पुरवायला पाणी वाढवलं तर वजन अडतं, आणि फारच पातळ केलं तर रक्तातलं सोडियम उतरून झटकेसुद्धा येऊ शकतात. चमचा दाबून भरू नका, सुरीच्या पाठीने सपाट करा. बहुतेक डब्यांवर ३० मिलीला एक चमचा असतो, पण प्रत्येकाचा चमचा वेगळा. परदेशातून आलेल्या डब्याला इथला चमचा वापरू नका.

प्रश्नकर्ती
पाणी कोमट घ्यायचं की गरम? डब्यावर कोमट लिहिलंय.

उत्तर २
पावडर निर्जंतुक नसते. क्रोनोबॅक्टर नावाचा जिवाणू त्यात क्वचित सापडतो, आणि दोन महिन्यांखालच्या किंवा कमी दिवसांच्या बाळाला तो घातक ठरतो. म्हणून जागतिक आरोग्य संघटना किमान ७० अंशांचं पाणी घ्यायला सांगते. पाणी खळखळ उकळून झाकून ठेवा, अर्ध्या तासाच्या आत वापरा. पावडर मिसळून बाटली नळाखाली धरा, मनगटावर थेंब टाकून बघा, मगच पाजा. प्रोबायोटिक, म्हणजे मुद्दाम घातलेले उपयोगी जिवाणू, असलेल्या पावडरीत ते गरम पाण्याने मरतात, तिथे डॉक्टरांना विचारा. बनवलेलं दूध बाहेर ठेवलं तर २ तासांत संपवा, आणि बाळाने तोंड लावून उरलेलं टाकूनच द्या.

उत्तर १
एक राहिलं. दुकानदार किंवा कंपनीचा माणूस 'हा केमिकल-फ्री, आईच्या दुधासारखा' म्हणून डबा गळ्यात मारत असेल तर घेऊ नका. भारतात बाळांच्या वरच्या दुधाबद्दलच्या १९९२ च्या कायद्याने अशा जाहिरातीला बंदी आहे, डब्यावर बाळाचं चित्रही छापता येत नाही. आणि अंगावर जेवढं येतं तेवढं पाजणं थांबवू नका.